दुचाकीचा जन्मदेश

पुणे-बंगळूर महामार्गालगत शिरोली एमआयडीसीत शिरलं की फौंड्र्यांतल्या जळक्या वाळूचा वास आधी भेटतो. कोअर, म्हणजे आतल्या पोकळीसाठीचा गाभा, बसवायचा, वाळूचा साचा बंद करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झालं की वाळू झाडून फेटलिंग, म्हणजे जादा धातू काढून साफसफाई, करायची. असं ओतीव काम इथून देशभरातल्या वाहन कारखान्यांकडं जातं, परदेशातही जातं. तिथं ते इंजिनात शिरलं, की त्याचं गाव कुठंच लिहिलेलं राहत नाही.

मग गाडी कुठली म्हणायची? ऑस्ट्रियाच्या केटीएमची ड्यूक २०० ही दुचाकी २०१२ पासून बजाजच्या चाकण कारखान्यात बनते. नाव युरोपचं, जोडणी पुणे जिल्ह्यातली. जागतिक व्यापारात सर्वसाधारण कसोटी अशी: वस्तूचं शेवटचं मोठं रूपांतर जिथं झालं, तो तिचा मूळ देश. सुटे भाग कुठूनही आलेले असोत.

गाडीवरही देशाची खूण सापडते. आपल्या गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर पाहा. सुरुवातीच्या इंग्रजी ‘एम’नंतर ‘ए’ ते ‘ई’पैकी अक्षर असेल, तर तो भारताचा संकेत. मला मात्र वाटतं, त्या नंबराच्या पाटीवर भट्टीपुढं घाम गाळणाऱ्या ओतारी हातांनाही जागा हवी होती.