चळवळ आणि मनाचे स्वास्थ्य



जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव श्री. मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी आरंभिलेल्या उपोषणामुळे महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला. १४ सप्टेंबरला उपोषण सुटले. परंतु या लढ्याच्या काळात काही तरुणांनी आपले जीवन संपविले, आणि जीव देऊ नका, असे खुद्द जरांगे यांना विनवावे लागले.

उपोषण करणाराभोवती सारा गाव जागत असतो, डॉक्टर नाडी पाहत असतात. निराश झालेला तरुण मात्र घरच्या माणसांतही एकटाच असतो. राजकारणातील प्रश्न सुटावयास वर्षे लोटतात. तितका काळ मनाने तग धरावा, यासाठी पुरेशी झोप, हाताला काम आणि जिव्हाळ्याची सोबत हवी.

आरक्षणाविषयी आपणांत मतभेद असतील. तथापि घरातील मुलगा अबोल झाला, तर वाद बाजूस ठेवून त्याच्यापाशी बसावे, त्याचे म्हणणे ऐकावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. तिचे साहाय्य घेण्यात कमीपणा मुळीच नाही.