उन्हाळ्यातील सामूहिक दौड

मे महिन्यात चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पहाटेसुद्धा तापमान २८ अंशांच्या आसपास असते आणि हवा दमट असते. रविवारच्या लांब दौडीला प्रथमच येणारा धावपटू उन्हाला भितो. दमटपणाचे भय त्याच्या ध्यानी येत नाही. १ लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. नुसता ओघळून गेलेला घाम मात्र व्यर्थच. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना उन्हात कोसळला व दुसऱ्या दिवशी निवर्तला. त्याने अंगाला चरबी चोपडली होती, असे सांगतात.

शरीर उष्णतेला सरावते. पण त्यासाठी १० ते १४ दिवस जवळजवळ रोज धावावे लागते. केवळ रविवारी धावणारा या बाबतीत नवखाच राहतो. त्यातून संगतीचा मोह असा, की मागे पडण्याची लाज तहानेहून तीव्र वाटते! म्हणून जुन्या मंडळींनी नवागताला बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर एकाने वाहन आणायला धावावे आणि इतरांनी त्याला सावलीत निजवून तोवर अंगावर थंड पाणी ओतत राहावे.