इंजिन खोलण्याआधी ब्रीदर पाहा

सोयाबीनची काढणी झाली की नांदेड-लातूरकडच्या शिवारांत मळणी यंत्रांची घरघर सुरू होते. ट्रॅक्टर तासन् तास एका जागी उभा, मागे मळणी यंत्र, भोवती भुसा आणि फुफाटा. अशा वेळी जुना ट्रॅक्टर तेल गाळू लागतो. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल झिरपते, ऑईल पट्टी आपोआप वर उचलली जाते, मागच्या सीलमधून तेल क्लचवर उतरते. मग कोणीतरी सांगतो, "इंजिन गेलं, काम काढावं लागतं." रिंगा, लायनर, बेअरिंग म्हणता म्हणता सोयाबीनचा पैसा तिथेच मोडतो. कधी ते काम खरोखरच लागते, नाही असे नाही. पण त्याआधी ब्रीदर पाहिला का, असा माझा पहिला प्रश्न असतो.

ब्रीदर म्हणजे इंजिनाचे नाक. सिलिंडरमधला थोडा धूर पिस्टन रिंगांच्या कडेने निसटून खाली तेलाच्या जागेत, म्हणजे क्रँककेसमध्ये, जातो. नव्या इंजिनातही जातो, जुन्यात जास्त. त्याला बाहेर पडायला वाट लागते, ती ब्रीदरची. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर तो टॅपेट कव्हरवर किंवा इंजिनाच्या बाजूला असतो आणि आत तारेची जाळी असते. काजळी, तेल, धूळ मिळून त्या जाळीत डांबरासारखा थर बसतो. वाट बुजली की आत दाब वाढतो, आणि तो दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नवे सील बसवूनही गळती थांबत नाही, तेव्हा पुष्कळदा हेच कारण असते. नळीतून थेंब पडतो म्हणून काही जण तिच्यात चिंधी कोंबतात. हे मात्र कदापि करू नका!

साफ करणे अवघड नाही. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. ब्रीदर काढा, जाळी डिझेलमध्ये भिजवून ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा. नळीतून फुंकर आरपार गेली पाहिजे. रबरी पाईप फुगलेला किंवा तडकलेला असेल तर नवाच टाका. सायकलची ट्यूब गुंडाळून भागवू नका. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर पाहताना ब्रीदरही पाहावा.

आता इंजिन गरम करून संथ चालवा आणि नळीच्या तोंडाशी नजर ठेवा. उपरणे, धोतराचा सोगा पंख्याच्या पट्ट्यापासून दूर असू द्या. हलकी वाफ दिसली तर काळजी नाही. साफ केल्यावरही भक्भक् धूर आणि तेलाचे तुषार येत असतील, तर रिंगा-लायनर झिजल्याची शंका घ्यावी आणि मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. इंजिन खोलायचे ते त्यानंतर.

अर्धापूरची केळी असोत की औशाचा भाजीपाला, आता बाजारासाठी पेट्रोल किंवा सीएनजीची छोटी गाडीही पुष्कळांच्या दारात असते. तिच्यात हा धूर बाहेर न सोडता एका छोट्या व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात ओढून जाळतात. त्याला गॅरेजवाले पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन संथ चालू असताना तो टॅपेट कव्हरमधून काढून तोंडावर अंगठा ठेवला तर ओढ जाणवते. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह किंवा पाईप तुंबलेला आहे. पाईप तडकला असेल तर फुस्स आवाज येतो आणि गाडी उभ्या जागी थरथरते.

इथेच दुसरी फसगत होते. अशा गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. (आपल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरला तो नसतो.) धुरात प्राणवायू किती उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावर पेट्रोल किती सोडायचे ते ठरते. तडकलेल्या पाईपातून जादा हवा शिरली की सेन्सर खरे तेच सांगतो, पण डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दोष सेन्सरवर येतो. महाग सेन्सर बदलला तरी दिवा पुन्हा लागतो. म्हणून आधी व्हॉल्व्ह आणि पाईप, मग सेन्सर. इंजिन तेल जाळत असेल तर नव्या सेन्सरवरही काजळी बसते, तेव्हा ते आधी थांबवा.

सेन्सर बदलायचाच झाला तर नळी कोमट असताना खोला. अगदी थंड असताना आटे अडकतात, गरम असताना हात भाजतो. वायरसाठी खाच असलेला पाना मिस्त्रीकडे असतो, तोच वापरा, छिन्नी-हातोडा नको. नव्या सेन्सरच्या टोकाला बोट, तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका आणि जवळपास सिलिकॉनची पेस्ट वापरू नका, तिच्या वाफेने सेन्सर बिघडतो. वायर गरम नळीला टेकणार नाही अशी बांधा. जुना सुटा भाग दुकानात सोबत न्या, म्हणजे मॉडेलप्रमाणे नेमका तोच मिळेल.