पावती फाडण्याआधी

(नेवासा तालुक्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या शनिशिंगणापूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



मला इथे बोलावलं ते युनियनचे फायदे सांगायला. पण निमंत्रण घेऊन आलेल्या सेविकाताईंनी चहा पिता पिता हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा, पावती फाडू की नको? घरचे म्हणतात, आहे ते सांभाळ." फायद्यांची भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. म्हणून मी त्या ताईंच्या प्रश्नालाच उत्तर द्यायचं ठरवलं आहे. त्यात तोट्याचा हिशेबही आलाच.

आधी 'आहे ते' म्हणजे काय आहे ते बघू. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. आपल्या राज्यात पहिल्यांदा मेळघाटात, धारणीला. तेव्हापासून वजनं घ्या, आहार द्या, लसीकरणाला बाया गोळा करा, सर्वेक्षणं करा, रजिस्टरं भरा, हे सगळं तुम्हीच करता. तरी कागदावर तुम्ही मानधनी. 2006 मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सेविकेचं पद हे सरकारी सेवेतलं पद नाही. बरं, नाही तर नाही. मग मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने तुम्हाला मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा. पगार मागितला की तुम्ही समाजसेविका, आणि संप केला की अत्यावश्यक! विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात सरकारला तो निर्णय स्थगित करावा लागला.

मेस्मा का आठवला, तर त्याआधी 11 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर 2017 असा 26 दिवसांचा संप झाला होता. त्यातून सेविकेचं मानधन 5,000 वरून 6,500 झालं, मदतनिसाचं 2,500 वरून 3,500. हा फायदा रुपयांत मोजता येतो.

आता तोटा. 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला संप 25 जानेवारी 2024 पर्यंत, 52 दिवस चालला. मागणी होती सेविकेला 26,000 आणि मदतनिसाला 20,000. मध्येच बडतर्फीच्या नोटिसा निघाल्या. नोटीस घरी येते तेव्हा ती आधी सासरे वाचतात. दुकानदार उधारी थांबवतो. ज्या बाळाचं वजन आपण महिनाभर कसंबसं वाढवलं, त्याची आई दारात येऊन विचारते, "बाई, आहार कधी देणार?" या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. कारखान्यातला कामगार संपावर गेला तर मालकाचं नुकसान होतं. आपण गेलो तर शेजारणीच्या लेकराचं होतं. हे आपलं सगळ्यात मोठं दुखणं आहे, आणि सरकारला ते पक्कं ठाऊक आहे.

दुसरा तोटा मदतनिसांनी सांगावा, पण त्या बोलत नाहीत म्हणून मी सांगते. संपात बुडणारा दिवस दोघींचा सारखाच असतो. पण मदतनिसाच्या घरात तेवढ्या दिवसांचं धान्यही नसतं. आणि व्यासपीठावर? सभासद सगळ्या बायका, माइकवर बहुतेक पुरुष. वाटाघाटीला मुंबईला कोण गेलं, कशावर सही झाली, हे गावातल्या सेविकेला वर्तमानपत्रातून कळतं. वर एकेका जिल्ह्यात चार-चार संघटना. एक संपावर तर दुसरी कामावर. पावती फाडायला कचरणाऱ्या बाईला मी भित्री म्हणणार नाही. तिने पाहिलेलं खोटं नाही.

इथे एक लांबचं उदाहरण देते, कारण 'आमच्यावाचून अडतं, मग आम्हाला कोण काढणार?' असंही मी ऐकते. विमानतळावर उंच मनोऱ्यात बसून काही माणसं विमानांना कधी उतरायचं, कधी उडायचं ते सांगतात. हवाई वाहतूक नियंत्रक. त्यांच्यावाचून अडतं हे कुणीही कबूल करेल. अमेरिकेत त्यांची पॅटको नावाची युनियन होती. 3 ऑगस्ट 1981 ला सुमारे 13,000 नियंत्रक संपावर गेले. पगार, कामाचे तास, ताण, मागण्या रास्तच होत्या. पण तिथल्या कायद्याने सरकारी नोकरांना संपाला बंदी होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 48 तासांची मुदत दिली आणि नंतर 11,000 हून अधिक जणांना काढून टाकलं. पर्यवेक्षक, संपात नसलेले नियंत्रक आणि लष्करातली माणसं बसवून विमानं चालवली गेली. वैमानिकांच्या संघटनेने साथ दिली नाही, प्रवासी वैतागलेले होते. युनियनची मान्यताही गेली.

आता पुढचं ऐका. त्या रिकाम्या खुर्च्यांवर आलेल्या नव्या नियंत्रकांनीच 1987 मध्ये नवी युनियन काढली! संपाचा हक्क त्यांनाही नव्हता. तरी काढली, कारण माणसं कमी आणि काम फार हे दुखणं तसंच होतं आणि एकेकट्याने सांगून कुणी ऐकत नव्हतं. आपल्याकडे नियंत्रकांचं गिल्ड आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळावरची संदेशयंत्रणा कोलमडून शेकडो विमानं रखडली. यंत्रणा जुनाट झाल्याचा इशारा गिल्डने त्याच वर्षी जुलैत दिला होता.

म्हणजे पावती आणि संप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच समजतो, आणि आपले घरचे तर समजतातच. ऑगस्ट 2021 आठवा. सरकारने दिलेले मोबाइल तापत, बंद पडत. दुरुस्तीचा खर्च तुमच्या माथी. एकटीने सुपरवायझर मॅडमना सांगितलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं, "तुम्हालाच वापरता येत नाही." राज्यभरच्या सेविकांनी ते प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, तेव्हा बिघाड मोबाइलमध्ये आहे, बाईत नाही, हे मान्य करावं लागलं. त्यासाठी संप करावा लागला नाही. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तो लढा तालुका कचेरीपासून दिल्लीपर्यंत एकेकटीच्या मानधनात लढता येत नाही.

आणि निकाल लागला म्हणजे काम झालं असंही नाही. आपण कुठे बसलो आहोत पाहा. सर्व हिंदूंना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा या राज्यात 1956 पासून होता. तरी इथल्या चौथऱ्यावर बाईला मज्जाव होता. जानेवारी 2016 मध्ये मोर्चा घेऊन निघालेल्या बायकांना सुप्यातच अडवलं. विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने सरकारला कायदा पाळायला सांगितलं, आणि 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, बायका चौथऱ्यावर गेल्या. साठ वर्षं कायदा कागदावर होता, मागणारं कुणी एकत्र नव्हतं. (चौथऱ्यावर जावं की नाही, हा वाद आज नको. तो आपल्यातही आहे.)

माझंही एक सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिचं काय जातं. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका संस्थेत लागले. स्त्रियांच्या हक्कांची शिबिरं घ्यायचे! आम्ही पाच जणी, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. आम्ही भविष्य निर्वाह निधी आणि बाळंतपणाची रजा मागितली. पाचही जणींना एकेक करून आत बोलावलं. 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर मी सही केली; घरभाडं थकलं होतं. जिला रजा खरोखर हवी होती, तिचा करार पुढे वाढला नाही. आमची संघटना नव्हती, पाच ओळखी होत्या. मी आजही तिच्या गावावरून जाताना उतरत नाही.

तर ताई, माझं मत, पावती फाडा. पण फाडताना विचारा. वर्गणीचा हिशेब कोण, कधी वाचून दाखवणार? तालुका समितीत मदतनीस किती? संप पुकारण्याआधी बीटच्या बैठकीत हात वर करून मत घेणार का? संप लांबला तर ज्यांच्या घरी दाणा नाही त्यांच्यासाठी काय सोय? आणि तीव्र कुपोषित बाळांचं त्या काळात काय करायचं, हे आपणच ठरवून आयांना आधी सांगणार आहोत का? उत्तरं न देणाऱ्या संघटनेत जाऊ नका. दुसरी बघा, नाहीतर आत शिरून तेच प्रश्न दर बैठकीला विचारा. घरच्यांना सांगताना 'संपावर जाते' म्हणू नका, 'सभासद होते' म्हणा. तेच खरं आहे.

मी थांबते. मागच्या रांगेतल्या मदतनीस मावशी मघापासून हात वर करून बसल्या आहेत. माइक त्यांच्याकडे द्या.