माऊली कुठवर?

बोलायला मला उभं केलंय, पण मी काही कीर्तनकार नव्हे. दिंडीत टाळकरी म्हणून चालतो, तेवढाच माझा अधिकार.

आळंदीत पाऊल टाकलं की आपली जीभ बदलते. गावात ‘ए, सरक की’ म्हणणारा दिवे घाटात ‘माऊली, जरा वाट द्या’ म्हणतो. पाण्याच्या टँकरपाशी ढकलाढकली होते, तिथं भांडणसुद्धा ‘अहो माऊली’ म्हणूनच सुरू होतं. हसू नका, तुम्हीही तिथं होता! घरी सासूपुढं मान वर न करणारी सून इथं तिच्याशीच फुगडी घालते. कचेरीत ज्याला आपण दहादा ‘साहेब’ म्हणतो, तो इथं पाया पडतो आणि आपणही त्याच्या पडतो.

तक्रारीचीही इथं वेगळीच भाषा. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडं जाऊन ऐकून घेतात. शिवी नाही की आरडाओरड नाही.

आता माझं सांगतो. माझ्या शेतावर एक गडी, वयानं माझ्याहून मोठा. मी त्याला ‘ए’ म्हणून हाक मारायचो. माझं बघून पोरगाही तसंच. तो आम्हाला ‘मालक’ म्हणायचा. एका वर्षी वाखरीच्या तळावर तो समोर आला, दुसऱ्या दिंडीबरोबर आला होता. मी वाकलो, तोही वाकला, दोघांची डोकी आपटली. दोघंही ‘माऊली’ म्हणालो. रात्री एका पंगतीत मांडीला मांडी लावून जेवलो.

द्वादशीचं पारणं सोडून घरी आलो. चार दिवस झाले नसतील, पावसात वैरण भिजली आणि माझ्या तोंडून निघालं, ‘ए, डोळे फुटले का तुझे?’ तो काही बोलला नाही. पेंढी खाली ठेवून नुसता माझ्याकडं बघत राहिला. त्या बघण्यात मला वाजत राहिलेले टाळ ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी ‘नाना’ म्हणून हाक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं, त्याला वाटलं आणखी कुणाला तरी बोलावतोय. पोराची जीभ वळवायला पुढं वर्ष गेलं.

नाना आता थकलाय. यंदा मी निघालो तेव्हा वेशीपर्यंत आला नि म्हणाला, “मालक, पांडुरंगाला माझा दंडवत सांगा.” ‘मालक’ काही त्यानं अजून सोडलं नाही.

रामकृष्ण हरी!