किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?



कामगारांच्या सभेत ‘अधिकार’ हा शब्द मी पुष्कळ वर्षे उच्चारीत आलो आहे. आज तोच शब्द संगणकाच्या संदर्भात उच्चारावयाचा आहे. मी इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचून आणि जाणत्यांना विचारून झाले. म्हणून मला जसे समजले, तसेच आपल्यापुढे मांडतो.

प्रत्येक संगणकात एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. कोणी कोणती फाइल उघडावी, कोणता प्रोग्रॅम चालवावा, हे तो ठरवतो. त्याच्या दरबारी माणसांचे साधारण दोन वर्ग असतात. एक साधा वापरकर्ता. त्याने आपल्या टेबलापुरते पाहावे. दुसरा सर्वाधिकारी, लिनक्समध्ये त्याला ‘रूट’ म्हणतात, विंडोजमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. साऱ्या किल्ल्यांचा जुडगा याच्या कमरेला.

आपण चोराची कल्पना करतो ती बाहेरून कुलूप तोडणाऱ्याची. परंतु संगणकातला चोर पुष्कळदा साध्या वापरकर्त्याच्या नावाने आत येतो; एखादे फसवे पत्र उघडले गेले, एखादा पासवर्ड फुटला, की झाले. तेवढ्यावर थांबला, तर नुकसान बहुधा एका टेबलापुरते राहते. खरा अनर्थ पुढे आहे. कारभाऱ्याच्या एखाद्या चुकीचा फायदा घेऊन तो साध्याचा सर्वाधिकारी बनतो. मग तो पहारेकऱ्याला झोपवतो, नोंदवह्या पुसतो आणि साऱ्यांच्या फाइलींवर मालकी सांगतो.

ही चूक असते तरी कशी? एक प्रसिद्ध उदाहरण देतो. लिनक्सवर ‘पीकेएक्झेक’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. परवानगी असलेल्याला दुसऱ्याच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने काम करू द्यावयाचे, हे त्याचे काम. म्हणून तो स्वतः रूटचा शिक्का घेऊनच चालतो. त्याला हाक मारताना सूचनांची एक यादी द्यावी लागते. यादीत निदान एक तरी शब्द असेलच, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले. कोणी मुद्दाम कोरी यादी दिली, तर हा प्रोग्रॅम यादीच्या पलीकडे ठेवलेला मजकूर यादीचाच समजून वाचू लागे. कारकुनाने कोरा अर्ज घ्यावा आणि टेबलावरचा शेजारचा कागद त्याच अर्जाचे दुसरे पान म्हणून मंजूर करावा, तसे हे झाले. त्या शेजारच्या कागदावर चोराने आपला हुकूम लिहून ठेवला, की काम फत्ते. हा दोष मे २००९ पासून तेथे होता. क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला. बारा वर्षांहून अधिक काळ तो उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या प्रमुख लिनक्स प्रकारांत बसून होता.

त्या वेळी दुरुस्ती हाती येईपर्यंत जाणत्यांनी एक सोपा उपाय सांगितला : त्या प्रोग्रॅमचा रूटचा शिक्काच काढून घ्या. शिक्का नाही, तर फसवून मिळणार काय? साऱ्या बंदोबस्ताचे मर्म येथे आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच हे तत्त्व मांडले, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, अधिक नको.

घरी आणि कचेरीत याचा अर्थ काय? रोजचे काम साध्या खात्यातून करावे. यंत्र सर्वाधिकाराची परवानगी मागू लागले, तर कशासाठी ते वाचल्याशिवाय ‘होय’ दाबू नये. नको असलेले प्रोग्रॅम काढून टाकावेत. दुरुस्ती आली की ती लावावी आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याचा कंटाळा करू नये. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या काढते. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही ध्यानात असू द्यावे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत यंत्रापासून वेगळी ठेवावी.

आता माझ्या रोजच्या कामातला प्रश्न. एका कचेरीत असा घात झाला, तेव्हा पत्र उघडणाऱ्या कारकून बाईंच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली. चौकशीत मी विचारले, ‘या यंत्राला शेवटची दुरुस्ती कधी लावली?’ कित्येक महिने लावलीच नव्हती. ‘बाईंच्या खात्याला सर्वाधिकार कोणी दिला?’ सोयीसाठी सगळ्यांनाच दिला होता! बाईंनी सावध राहावयास हवे होते, हे खरेच. पण एका पत्राने सारी कचेरी बसते, तेव्हा दोष पत्र उघडणाऱ्या हाताचाच कसा? १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना कठडा घालण्याचे कर्तव्य कारखाना चालवणाऱ्यावर टाकले. बोट तुटलेल्या कामगारावर नव्हे. दुरुस्ती आणि बेताचा अधिकार हाच संगणकाचा कठडा होय. तो घालणे हे यंत्र पुरवणाऱ्याचे काम, आणि तो घातला आहे की नाही हे विचारणे हे आपले.

तेव्हा उद्या कामावर जाल, तेव्हा हे दोन प्रश्न अवश्य विचारा : दुरुस्ती कधी लावली, आणि किल्ल्या कोणाकडे आहेत? उत्तर लेखी मागा.