सांगून दिलेला शॉक



 मिशन रुग्णालयाच्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून मिरजेला डॉक्टरांची आणि रुग्णांची ऊठबस करायची सवय आहे; कालच्या जेवणावरून ती अजून टिकून असल्याचं दिसलं. 

या मानसोपचार परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय 'ईसीटीविषयक संशोधनाचा आढावा', म्हणजे विजेच्या शॉकच्या उपचारावरील संशोधनाचा आढावा, असा छापला आहे. आढावा घेते, पण भरभर. मला बोलायचंय ते वेगळंच आहे, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबले आहे.

१९३४ साली बुडापेस्टमध्ये मेडुना या डॉक्टरांनी मानसिक आजारावर उपचार म्हणून कापराचं इंजेक्शन देऊन आकडी आणली. १९३८ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी यांनी तेच काम विजेने केलं. आकडी महत्त्वाची, वीज हे तिचं साधन, हे तेव्हापासून माहीत आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध नंतर आलं, हाडं मोडायची थांबली. मग प्रश्न निघाला की गुण आकडीचा की नुसत्या भुलीचा? इंग्लंडमध्ये नॉर्थविक पार्कला आणि लेस्टरला काही रुग्णांना फक्त भूल दिली, काहींना खरा शॉक. ते निष्कर्ष १९८० आणि १९८४ साली आले. आपल्याकडे गंगाधर, कपूर आणि कल्याणसुंदरम यांनी शॉक आणि इमिप्रामीन हे नैराश्याचं औषध यांची दुहेरी अंध तुलना केली, ती १९८२ साली प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये 'लॅन्सेट'ने सगळ्या चाचण्यांची बेरीज छापली: खरा शॉक खोट्यापेक्षा, म्हणजे नुसत्या भुलीपेक्षा, सरस, आणि औषधांपेक्षाही. तीव्र नैराश्यात शॉकने गुण येतो की नाही, हा वाद तिथे संपला. दर वर्षी परिषदेत त्यावर एक निबंध वाचला जातो, तो थांबवला तरी कोणाचं नुकसान होणार नाही.

झाला आढावा.

आता माझी तक्रार. आपण शॉक लपवून देतो.

लपवतो म्हणजे नातेवाइकांपासून नाही. त्यांची सही असते. रुग्णापासून लपवतो. 'सलाईन लावायची आहे', 'झोपेचं इंजेक्शन आहे', 'मेंदूचा फोटो काढायचाय'. वॉर्डातल्या मावशींपासून कँटीनच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त खाटेवरच्या माणसाला नसतं. नवरा म्हणतो, तिला सांगू नका, घाबरेल. वडील म्हणतात, कागदावर लिहू नका, लग्न व्हायचंय. आणि आपण मान डोलावतो. मोठमोठ्या रुग्णालयांची डिस्चार्ज कार्डं माझ्याकडे येतात. त्यावर बी-कॉम्प्लेक्सची गोळीसुद्धा वेळेसकट लिहिलेली असते, शॉकचा उल्लेख नसतो.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. नैराश्यासाठी नव्हे; विसरभोळेपणासाठी. मुलाची मुंज त्यांना आठवत नव्हती. फोटोत त्या होत्या, पैठणी नेसून, भिक्षावळीचं ताट हातात घेऊन. पण तो दिवस मनातून पुसलेला. शेजारच्या आजींना अल्झायमर झालेला त्यांनी पाहिला होता, त्यामुळे आपलंही तेच सुरू झालं अशी खात्री धरून त्या कित्येक वर्षं जगत होत्या. नोकरी सोडायचा विचार पक्का होता. मी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं: मुंजीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना आजार झाला होता, अन्न सोडलं होतं, आणि एका मोठ्या शहरात शॉक दिले होते. गुण छान आला. त्यांना मात्र सांगितलं होतं सलाईनचं.

मी त्यांना खरं सांगितलं, नवऱ्यासमोर. आधी त्या भडकल्या. नंतर खूप वेळाने म्हणाल्या, 'म्हणजे मला तो म्हातारपणाचा रोग नाही?' आठवण गेली ती गेली. उपचाराच्या आसपासच्या काळातल्या आठवणी काहींच्या कायमच्या जातात. पण तेवढ्याने त्या नोकरी सोडायला निघाल्या नव्हत्या. कारण माहीत नसल्याने निघाल्या होत्या. स्मृतिदोष किती आणि किती दिवसांचा यावर काल दुपारी इथे दोन तास खडाजंगी झाली. मी मागे बसून ऐकत होते. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांपैकी एकानेही असं विचारलं नाही, की ज्या रुग्णांची स्मृती मोजली त्यांना आपल्याला काय दिलंय हे माहीत होतं का?

२००३ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डायना रोझ आणि सहकाऱ्यांचा एक आढावा आला. त्यांनी रुग्णांची मतं गोळा केलेल्या अभ्यासांची तुलना केली. डॉक्टरांनी रुग्णालयातच, उपचार संपताच विचारलं की समाधानाचे आकडे वर जातात. उशिरा आणि रुग्णांच्या सहभागाने विचारलं की खाली येतात. आठवणी कायमच्या गेल्या असं सांगणारे किमान एक तृतीयांश निघाले. हा निबंध आपल्यातल्या अनेकांना आवडत नाही. मलाही त्यातल्या काही गोष्टी पटत नाहीत. पण आपण त्याला उत्तर काय देणार? आपले रुग्ण सहा महिन्यांनी शोधून विचारायचे, तर काय म्हणून विचारायचं? 'सलाईननंतर कसं वाटतंय?'

पुढचा मुद्दा तर थेट गुणाचा आहे. २००१ मध्ये सॅकाइम यांच्या गटाने दाखवलं, की शॉकने बरे झालेल्यांना नंतर नुसत्या खोट्या गोळीवर ठेवलं तर सहा महिन्यांत ८४ टक्क्यांचा आजार उलटतो. नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम ही दोन्ही औषधं दिली तर ३९ टक्क्यांचा. म्हणजे बरं झाल्यावरचे सहा महिने हाच खरा उपचार. ज्या बाईला वाटतंय की आपल्याला अशक्तपणा होता आणि सलाईनने तो गेला, ती लिथियम कशाला घेईल? दर थोड्या दिवसांनी रक्त कशाला तपासून घेईल?

'सांगितलं तर पेशंट पळून जाईल,' असं आपले ज्येष्ठ म्हणतात. जत भागातल्या एका शेतकऱ्याची हकिगत सांगते. आतडी कुजलीत, आपण आतून मेलोय, असं म्हणून त्यांनी खाणं-पाणी सोडलं होतं. देवऋषी झाला, नरसोबाची वाडी झाली, मग माझ्याकडे. मी यंत्र दाखवलं, भूलतज्ज्ञांची ओळख करून दिली, काय करणार ते सांगितलं. ते म्हणाले, 'मेलेल्याला काय व्हतंय, द्या.' ही कायद्याने संमती नव्हे, हे मलाही कळतं. सही मुलाची घेतली. पण सांगितलं त्यांना. चौथ्या शॉकनंतर त्यांनी भाकरी मागितली. आता औषधाला येतात तेव्हा बाहेर बाकड्यावर बसून नव्या रुग्णांना स्वतःहून सांगतात, 'भूल देत्यात, डोळा लागतो, उठल्यावर घटकाभर डोकं जड.' माझ्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे चांगलं आहे.

शॉकऐवजी केटामीन द्या म्हणणाऱ्या तरुण मित्रांनाही हीच हकिगत पुरे. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत केटामीनला ५५ टक्के प्रतिसाद आणि शॉकला ४१, हे मला पाठ आहे. पण त्या चाचणीत भ्रम असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. आतडी कुजलेला माझा शेतकरी त्या चाचणीच्या दारातूनच परत गेला असता.

बिनभुलीच्या शॉकवर मी वेळ घालवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५व्या कलमाने तो बंद झाला, बरं झालं. भूलतज्ज्ञ मिळत नाही ही तालुक्याची अडचण खरी आहे. मी स्वतः दोन सिझेरियनच्या मधल्या वेळात भूलतज्ज्ञांना हाताला धरून आणलेलं आहे. ९४व्या कलमात तातडीच्या उपचारातून शॉक वगळलाय, त्यावर माझं भांडण आहे, आणि ते मी सरकारशी भांडेन. पण एक विचारते. कायद्याच्या नावाने इथे इतकी ओरड चालते, त्याच कायद्याने माहिती देऊन संमती घ्यायला सांगितलंय, त्यावर कोणी का ओरडत नाही? ते कलम आपण पाळतच नाही म्हणून?

संमतीचा हा प्रश्न पहिल्या रुग्णापासूनचा आहे. सेर्लेत्तींनी स्वतः लिहून ठेवलंय: त्यांच्या पहिल्या रुग्णाला पहिला झटका कमी पडला, आणि पुन्हा देण्याची चर्चा सुरू होताच त्या रुग्णाने स्पष्ट नको म्हटलं. तरी दिला गेला. नंतर तो सुधारला, म्हणून सगळे ग्रंथ त्याच्या सुधारण्याबद्दल बोलतात. सिनेमावाल्यांनी शॉकची बदनामी केली असं आपण 'ज्वेल थीफ'पासून ऐकवत आलो आहोत. त्यांनी केली, खरंच केली. पण आपल्याकडे बरे झालेले हजारो लोक आहेत. त्यांतले बहुतेकजण उठून 'मला शॉकने बरं वाटलं' असं सांगू शकत नाहीत, कारण त्यांना ते माहीतच नाही. आपला साक्षीदार आपणच गप्प केला आहे.

काय करायचं? स्वीडनमध्ये शॉकची राष्ट्रीय नोंदवही आहे. स्कॉटलंड दर वर्षी अहवाल काढतं: किती जणांना, कशासाठी, कोणाच्या संमतीने. आपल्या राज्यात अशी नोंदवही हवी. तिचा नमुना कसा असावा, पैसा कुठून यावा, खाजगी दवाखाने त्यात कसे आणावेत, यासाठी एक समिती नेमावी लागेल. नावं अजून ठरलेली नाहीत. मराठीत एक ध्वनिफीत करावी असंही मनात आहे, अक्षरओळख नसलेल्यांसाठी. बघू.

एवढं मात्र आजच करता येईल. डिस्चार्ज कार्डावर शॉकची संख्या आणि तारखा लिहिल्या जातील, आणि रुग्ण सावरल्यावर त्याला स्वतःला सांगितलं जाईल, असा ठराव मी संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. दोघांना विचारलं, दोघेही म्हणाले, मॅडम, तत्त्वतः पाठिंबा आहे, पण प्रॅक्टिस करायची आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी सभेत येऊन हात वर करून तो नोंदवावा. साडेपाचला, याच सभागृहात. चहा नंतर आहे.